स्विमिंग पूल राहू द्या, दांडी दाखवा!
आज आत्यासोबत तळेगावला ज्येष्ठांच्या वसाहतीतला फ्लॅट बघून आले. सेल्सवाला क्लबहाउस, पूल, मिनी थिएटर कौतुकानं दाखवत होता. आत्या थेट बाथरूममध्ये शिरली आणि कमोडशेजारची दांडी धरून चांगली हिसकली. हलली की! महारेराने (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी नियम केलेत, त्यात दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं, व्हीलचेअर आत जावी म्हणून. दारं ठीक निघाली.
"रात्री दोनला बेल दाबली तर कोण येणार?" आत्या.
नर्स दिवसाच असते म्हणे, रात्री वॉचमन. अंथरुणाला खिळल्यावर आयाचे पैसे वेगळे, हे ब्रोशरमध्ये कुठेच नाही. मेसचं पिठलं मात्र झकास होतं, आत्यानं दोनदा घेतलं. कुणाला रात्रीची नर्स असलेली जागा माहीत असेल तर सांगा.