हौदातले क्लोरीनचे पाणी बागेत जिरवताना

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे आमच्या घरामागे मुलांना पोहण्यासाठी बांधलेला पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद हौद आहे. १.२ मीटर उंचीपर्यंत भरला की त्यात १८,००० लिटर पाणी मावते, आणि मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी आम्ही तो रिकामा करतो. हे पाणी गटारात सोडणे सर्वांत सोपे. परंतु गटार नाल्याला आणि नाला पंचगंगेला मिळतो, आणि माशांना क्लोरीनचा अत्यल्प अंशही घातक ठरतो. म्हणून ते बागेतच जिरवायचे, असे आम्ही ठरवले.

पहिल्या वर्षी मात्र माझी मोठी चूक झाली. आदल्या संध्याकाळी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेले पाणी मी सकाळीच वाफ्यात सोडले आणि दोन दिवसांत अबोलीच्या पानांच्या कडा तव्यावर भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. त्या रोपांचे मला अजूनही वाईट वाटते.

आता मी क्लोरीन टाकणे आधी थांबवतो, हौद उघडा ठेवतो आणि पाणी उन्हात तापू देतो. टीसीएल असेल तर मे महिन्याच्या उन्हात क्लोरीन लवकर उडते. पण ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, वड्या वापरल्या असतील, तर त्यांतील सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून जपते आणि कितीतरी अधिक दिवस थांबावे लागते. त्यामुळे दिवस मोजण्यापेक्षा पाणी तपासलेले बरे. ग्रामपंचायतीत पिण्याचे पाणी तपासायला वापरतात तो क्लोरोस्कोप मी वापरतो: नळीत पाणी घेऊन ओटीचे (क्लोरीन असेल तर पाणी पिवळे करणाऱ्या ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे) थेंब टाकायचे आणि नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरायची. पिवळसर झाक दिसली, तर मोटर सुरू करायची नाही. क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या खाली आणि सामू (पीएच) ७ ते ८ च्या दरम्यान आला की पाणी झाडांना चालते.

त्यानंतर प्रश्न उरतो तो जमिनीच्या पोटाचा. आमची बाग चार गुंठे, म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर आहे. सगळे पाणी एकदम सोडले तर तो ४४ मिलिमीटर पाऊस होतो, आणि आमची काळी माती तेवढे एका दिवसात पीत नाही. सुरुवातीला भेगांतून पाणी झरझर उतरते, पण माती फुगून भेगा मिटल्या की ते वर साचू लागते. म्हणून मी तीन दिवस, रोज दुसऱ्या बाजूला, नारळ, चिकू आणि चाफ्याच्या आळ्यांत बारीक धारेने पाणी देतो. भाजी, तुळस आणि कोवळी रोपे यांना मी ते मुळीच देत नाही.

मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मात्र हा मार्ग धरू नये. त्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३ ग्रॅम मीठ असते, म्हणजे आमच्याएवढ्या हौदात ५४ किलो, आणि ऊन कितीही लागले तरी मीठ उडून जात नाही. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकला असेल, तर त्यातले तांबेही तसेच मातीत साठत राहते.

तळाशी उरलेले चार बोटे गढूळ पाणी मी बादल्यांनी कुंपणाच्या शेराला घालतो. तळ आम्लाने घासायचा असेल, तर ते धुवण बागेतही टाकता येत नाही आणि गटारातही सोडता येत नाही. म्हणूनच आम्ही तळ साध्या काथ्याच्या ब्रशाने घासतो.