आबिस्कोच्या दलदलीतील बुटके विलो: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी

मुळा-मुठेच्या काठचा वाळुंज ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याच सॅलिक्स (विलो) प्रजातीतील, अनेकदा कमरेपर्यंतही न पोहोचणारे झुडूप पाहण्यासाठी उत्तर स्वीडनमधील आबिस्कोला अवश्य जावे, असे माझे मत आहे. मुंबईमार्गे विमानाने स्टॉकहोम गाठावे आणि तेथून नॉर्वेतील नार्विककडे जाणारी रात्रीची रेल्वे घ्यावी. ती किरुनामार्गे आबिस्कोला पोहोचते.

१९०९ मध्ये स्थापन झालेले येथील राष्ट्रीय उद्यान उत्तर ध्रुववृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेस आहे. बहुतेक प्रवासी डोंगरवाटांकडे वळतात; वनस्पतिप्रेमींनी मात्र पूर्वेकडील स्टॉरडालेनच्या दलदलीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. येथे शेवाळाच्या जाड थराखाली काही ठिकाणी जमीन वर्षभर गोठलेली असते आणि ती वितळू लागली की वरचा भाग खचून पाणी साचते.

अशा ओलसर जागी आणि ओढ्यांच्या काठी सॅलिक्स लॅपोनम हे बुटके विलो आढळते. १७३२ मध्ये लॅपलँडचा (उत्तर स्कँडिनेव्हियाचा) प्रवास केलेल्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पानांच्या दोन्ही बाजूंना रेशमी लव असल्यामुळे झुडूप दुरून राखाडी दिसते. शेजारीच वाढणाऱ्या सॅलिक्स ग्लॉका या दुसऱ्या विलोची पानेही लवदार असतात, त्यामुळे केवळ पानावरून निर्णय करू नये. लॅपोनमचे फुलांचे तुरे जवळजवळ देठरहित असून पालवी पुरती उलगडण्यापूर्वीच येतात, तर ग्लॉकाचे तुरे पाने असलेल्या छोट्या डहाळीच्या टोकाला असतात. वाळुंजाप्रमाणेच नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येत असल्याने दोन्ही पाहिल्याशिवाय परतू नये. पिवळ्या परागांनी भरलेले नर तुरे तर फारच देखणे असतात.

तुरे पाहायचे असतील तर जून महिना उत्तम. महिनाअखेरीपासून डासांचा उपद्रव इतका वाढतो की डोक्यावर घ्यायची जाळी नसल्यास भिंग डोळ्याला लावणेही कठीण होते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, उबदार कपडे आणि पावसाळी जाकीट जवळ असावे. रात्रभर सूर्य मावळत नसल्याने झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टीही न्यावी. राष्ट्रीय उद्यानात डहाळी तोडू नये, छायाचित्रावर समाधान मानावे. दलदलीत लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरू नये, कारण तुडवलेले शेवाळ थंडीमुळे फार सावकाश भरून येते आणि तेथील संशोधकांची मोजमापेही बिघडतात.