पाणी सारखं होऊ दे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका मोबाइलवर आली, पाठोपाठ निरोप आला की स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा. कुणावर लिहायच्या हा प्रश्नच पडला नाही. आपले भूगोलाचे सर!

आमचा आठवीचा वर्ग कालव्याच्या बाजूला होता. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की खिडकीतून ओल्या मातीचा वास यायचा. सर खडू खाली ठेवायचे, म्हणायचे, "आलं पाणी." मग धडा राहायचा बाजूला. भाटघर धरणाचं पाणी वीर धरणावरून आपल्या नीरा डाव्या कालव्यात नुसत्या उतारावर येतं, हे दाखवायला त्यांनी गवंड्याकडून पातळी बघायची पाणसळ मागून आणली होती.

एकदा मी विचारलं, "सर, कालव्याला टेकडी चढता येईल का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढच्या सोमवारी ते तेलाचे डबे कापून, झाळून केलेली लांब पन्हळ घेऊन आले. मध्ये पत्र्याची दोन सरकती दारं, प्रत्येकाला बुचाचं भोक, फटींना शाडू. खालच्या पाण्यात बोटभर लाकडी होडी. होडी मधल्या कप्प्यात घ्यायची, खालचं दार लावायचं, वरच्या दाराचं बूच काढून कप्पा भरू द्यायचा आणि मग ते दार उचलायचं. वरचं दार माझ्याकडे होतं. मला दम निघेना, मी ते आधीच उचललं. पाण्याचा लोंढा आला, होडी उलटली, टेबलावरचा हजेरीपट भिजला, शाई पसरली.

मी रडायच्या बेताला आले. सरांनी हजेरीपट खिडकीत वाळत ठेवला आणि म्हणाले, "अगं, पाणी सारखं होऊ दे. मग दार अडत नाही." पुन्हा माझ्याकडूनच करून घेतलं. तिसऱ्या खेपेला होडी वर चढली.

गेली अकरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, विल्टशायरमधल्या डिवायझेस या छोट्या गावात राहते. गावाला लागून केनेट अँड एव्हन कालवा आहे आणि तो खरोखरच टेकडी चढतो! केन हिलवर दोन मैलांत २९ लॉक (दोन दारांमधले पाण्याचे कप्पे), २३७ फूट चढण. त्यातली १६ एका सरळ रेषेत, त्यांच्या बाजूला पाणी साठवायची तळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सरांची पन्हळच आठवली. १८१० मध्ये ही चढण पुरी झाली; तोवर इथला माल घोड्यांच्या रुळगाडीनं वर नेत. पुढे रेल्वे आली, कालवा ओस पडला, दारं कुजली. पण लोकांनी तो सोडला नाही. १९५६ साली कालवा बंद करण्याविरुद्ध हजारो सह्यांचा अर्ज त्यांनी जलमार्गानं लंडनला नेला, नंतर वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरून गाळ काढला. १९९० मध्ये राणीच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. आजही ईस्टरला इथून लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत १२५ मैलांची होड्यांची शर्यत निघते, तेव्हा गाव धक्क्यावर लोटतं.

मी तिथं स्वयंसेवक म्हणून लॉकवर उभी असते. दाराला लांब दांडा असतो, तो पाठीनं रेटायचा. दोन्हीकडचं पाणी सारखं नसेल तर चार माणसांनी रेटूनही दार हलत नाही. सारखं झालं की साठीला आलेली मी एकटी ते उघडते. दर वेळी ओठांवर सरांचं वाक्य येतं, मराठीतच. माझ्याबरोबरच्या निवृत्त पोस्टमनलाही आता ते पाठ झालंय.

केन हिलचे फोटो सरांना पाठवायचे राहून गेले. पुढच्या सुट्टीत स्वतःच दाखवू म्हणत राहिले, आणि सर गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. मागच्या खेपेला आले तेव्हा आमची कौलारू खोली पाडलेली होती, कालव्याकडची खिडकी अर्थातच नव्हती. नवी इमारत छान आहे, पण तिथून पाणी दिसत नाही.

ती पन्हळ प्रयोगशाळेच्या माळ्यावर, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवलेली असायची. अजून असेल तर महोत्सवाच्या प्रदर्शनात मांडा. वरच्या दाराची डावी फट गळते, तिथं शाडू जास्त लावावा लागतो. मी १४ तारखेला येते आहे, पाणी भरायला मला बोलवा.