तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीतल्या गाद्यांची कव्हरं

आमच्या जुन्या ओम्नीचं मागचं दार उघडलं की गडाच्या पायथ्याशी असो वा दिवेआगरच्या किनाऱ्यावर, कुणीतरी विचारतंच : ही कव्हरं कुठून करून घेतलीत? किती पडले? घरी शिवली म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, असलं जाड कापड घरच्या मशीनवर जमतं?

जमतं. आणि 410 रुपयांत जमलं.

मागची सीट दुमडून आम्ही त्यावर प्लायची फळी टाकतो आणि फळीवर तीन गाद्या. प्रत्येक गादी 42 बाय 22 इंच, 3 इंच जाडीची. फोम उत्तम होता, पण वरचं रेक्झिन तडकलं होतं आणि कोकणातल्या उकाड्यात ते पाठीला चिकटायचं. सोफेवाल्याने 4,500 रुपये सांगितले. त्याची मजुरी वाजवीच होती, पण आमचा त्या वर्षीचा फिरण्याचा सगळा खर्च तेवढ्यात निघाला असता.

कापड घरातच होतं. माझं सासर सोलापूरचं, त्यामुळे कपाटात चादरींना तोटा नाही. सोफ्याच्या कापडाच्या दुकानात जाण्याआधी सोलापुरी चादर एकदा हातात घेऊन बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. घट्ट विणीचं सूत, घाम शोषतं, दोन्ही बाजूंना नक्षी, आणि जितकी धुवाल तितकी मऊ पडते. पण मी निवडलेली लाल-काळी चादर सासूबाईंनी लग्नात दिलेली होती. तिला कात्री लावायला हात होईना. शेवटी त्यांनाच फोन केला. म्हणाल्या, "कपाटात ठेवायला दिली नव्हती गं. काप. फक्त आधी भिजव."

ते "आधी भिजव" फार मोलाचं आहे. चादर आणि खालच्या बाजूसाठी आणलेला मांजरपाट, दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवून वाळवले, मगच टेप लावली. सूत आटतं. शिवल्यावर आटलं तर कव्हर पुन्हा फोमवर चढणार नाही.

60 बाय 90 इंचांच्या एका चादरीत तिन्ही गाद्यांच्या वरच्या बाजू आणि कडेच्या पट्ट्या बसल्या. खालची बाजू कुणाला दिसत नाही, तिथे मोठ्या पन्ह्याचा 2 मीटर मांजरपाट पुरतो. शिवाय त्यातून हवा खेळते, फोमला कुबट वास धरत नाही. मापाचं म्हणाल तर फोम जेवढा, तेवढंच कापड कापायचं, शिवणीसाठी जास्तीचं सोडायचं नाही. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की कव्हर इंचभर लहान होतं आणि फोम दाबून बसतो. सुरकुती पडत नाही. कडेची पट्टी मात्र 4 इंच : 3 जाडीचे, 1 शिवणीचा.

चेन मीटरवर घ्या, रनर सुटे मिळतात. एका लांब बाजूला चेन लावून ती दोन्ही कोपऱ्यांवरून चार-चार इंच पुढे वळवायची. एवढी मोकळीक नसेल तर फोम आत सरकवताना घाम फुटतो आणि चेनही उसवते. सुई 16 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका जरा लांब. चार पदर एकत्र येतात तिथे मोटर बंद करून चाक हाताने फिरवायचं. मशीन घाईला दाद देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या गादीने खाल्ला. तिला दोन्ही बाजूंना मागच्या चाकांच्या उंचवट्यासाठी खाच आहे. वर्तमानपत्राचा कागद फोमवर ठेवून खाच आखली, कापली, शिवली आणि उलटवून बघितलं तर आतला कोपरा चुण्यांनी भरलेला. त्या कोपऱ्यात कात्रीने चीर दिल्याशिवाय कापड वळत नाही, आणि चादरीला चीर दिली की धागे सुटायला लागतात. सगळं उसवलं. मग आधी कोपऱ्याच्या आखणीवर बारीक टाक्याची टीप मारली, मागून इस्त्रीने कॅनव्हासचा तुकडा चिकटवला, टिपेच्या अगदी टोकापर्यंत चीर दिली, पट्टी धावदोऱ्याने जोडून पाहिली आणि मगच मशीनखाली घेतली. चार कोपऱ्यांना एक अख्खी दुपार गेली. तुमच्या गाडीतही अशी खाच असेल तर त्या दिवशी दुसरं काही काढू नका.

हिशेब सांगायचा तर मांजरपाट 160, चेन आणि रनर 140, दोरा 60, सुयांचं पाकीट 50. चादर घरची. ती नसेल तर विकत घ्यावी लागेल, तरी सोफेवाल्याच्या आकड्याच्या आसपासही खर्च जाणार नाही.

दिवाळीत सासूबाई आल्या तेव्हा गाडीत जाऊन बसल्या. नक्षीकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांचा हात सरळ चाकाजवळच्या त्या कोपऱ्यावर गेला. अंगठ्याने शिवण दाबून पाहिली.

"इथे दोनदा टीप मारलीस ना?"

"हो आई, दोनदा."

"मग टिकेल," म्हणाल्या, आणि पाय वर घेऊन बसल्या.