तुम्ही विचारलंत म्हणून : दुधाची फॅट आणि रंकाळ्याचा नंदी

“अण्णा, संस्थेत दुधात चमचाभर पाणी खपवून घेत नव्हता, आणि देवळात बसून पोरांना नंदी सरकतो म्हणून सांगता. मग आम्ही खरं काय धरायचं?”

हा प्रश्न मला गावातली शिकलेली पोरं विचारतात, पाहुणे विचारतात, सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा विचारून झालाय. मी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत टेस्टर होतो, आता घरी असतो. श्रावणात आणि नवरात्रात देवळात गोष्टी सांगतो, ते मात्र सुटलेलं नाही. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून मीही नीट बसून उत्तर देतो.

आधी दुधाचं सांगतो, कारण खरं बोलायला मी तिथं शिकलो. दुधातली फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीत ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड घ्यायचं, त्यावर कडेनं अलगद १०.७५ मिली दूध सोडायचं, मग १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हातात धरवत नाही इतकी तापते. ॲसिड दुधातलं बाकीचं विरघळवून टाकतं आणि स्निग्धांश तेवढा सोडतं. यंत्रात गरागरा फिरवलं की पिवळसर फॅट नळीच्या मानेत येऊन बसते. ६.८ लागली तर ६.८ लिहायची. समोर चुलतभाऊ असो, नाहीतर बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो असो.

लोकांना वाटतं, टेस्टरचा प्रामाणिकपणा एवढाच. एवढा तर पाहिजेच. पण अवघड काम आकडा लिहून झाल्यावर सुरू होतं. फॅट कमी लागली म्हणजे पाणी घातलं, असं म्हणता येत नाही. सकाळच्या दुधाला फॅट कमीच लागते, कारण दोन धारांमधलं रात्रीचं अंतर मोठं असतं. वैरण बदलली तरी फॅट बदलते. धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ आणि शेवटचं दाट असतं. एखादी म्हातारी ते शेवटचं दूध रेडकाला सोडत असेल तर तिच्या किटलीची फॅट उतरणारच. आकडा म्हणतो, एवढी फॅट आहे. “ही बाई लबाड आहे” हे वाक्य आकड्याचं नव्हे, रांगेत मागं उभ्या असलेल्या माणसाचं असतं.

याच्या उलटही होतं. दुधात पाणी घातलं की दूध हलकं होतं आणि त्यात तरंगत दुधाचा जडपणा दाखवणारा लॅक्टोमीटर खाली बसतो. साय काढून घेतली की दूध जड होतं आणि तो वर येतो. ज्यानं आधी साय काढली आणि मग बेतानं पाणी घातलं, त्याची डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, अगदी बरोबर लागते! लॅक्टोमीटर खोटं बोललेला नसतो आणि फसवणूक तर झालेली असते. म्हणून डिग्री बघायची आणि फॅटही बघायची. विज्ञानातलं खरं मला असं भेटलं. उपकरण विचारलं तेवढंच सांगतं, त्याची साक्ष दुसऱ्याकडून पडताळावी लागते, आणि त्यापुढं आपण जे बोलतो ते आपलं मत असतं. त्या मताला संस्थेच्या वहीत जागा नाही.

आता नंदी. कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठी मोठा दगडी नंदी आहे. तो रोज गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो, आणि ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी प्रलय, अशी गोष्ट आमच्याकडं जुनी माणसं सांगत आली. मी टेप घेऊन मोजायला गेलो नाही. गोष्ट ऐकायला बसलेल्या पोरानं मला अंतर विचारलेलं नसतं. त्याला हवा असतो तो एवढा मोठा दगड, त्याची पाण्याची ओढ, आणि ते रोजचं पुढं-मागं. गव्हात आणि तांदळात फरक तो किती! तेवढ्याच फरकानं शेवट जवळ येतो, आणि बघणाऱ्याला तो दिसत नाही. रंकाळ्यात सांडपाणी आलं, केंदाळ म्हणजे जलपर्णी माजली, पाण्याला वास सुटला, हेही एका रात्रीत झालेलं नाही. एका पोरीनं मला विचारलं होतं, “मग नंदीला थांबवायचा कसा?” तिला गोष्टीतलं खरं पोचलं होतं.

पण हीच गोष्ट “शास्त्रज्ञही चकित झाले” असं वर चिकटवून मोबाईलवर कुणी पाठवली तर मला संताप येतो. गोष्टीला मोजमापाचा खोटा शिक्का लागला की गोष्टही नासते आणि मोजमापही.

कुठल्या वेळी कुठलं खरं लागतं, हे आमच्या नदीनं मला सगळ्यात चांगलं शिकवलं. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त. तिच्यासकट पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमावर हात जोडताना मी पाचही जणींना जोडतो, आणि त्यात मला कधी अडखळायला झालं नाही. पण २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढत होतं तेव्हा आम्हाला हवा होता पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचा पाणीपातळीचा आकडा. तिथं ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. जनावरं सोडायची कधी, म्हातारी माणसं हलवायची कधी, हे त्या आकड्यावर ठरत होतं. अशा रात्री “धरण फुटलं” म्हणून जो पुढं ढकलतो, त्याला मी गोष्ट सांगणारा म्हणणार नाही. माणसं जीव मुठीत धरून आकडा मागत असतात आणि तो त्यांच्या हातात भलतंच काहीतरी ठेवतो.

अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दलही विचारतात. देवी पश्चिमेला तोंड करून उभी आहे. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन तिच्यापर्यंत पोचतात. सूर्य नोव्हेंबरात दक्षिणेकडं जाताना जिथं मावळतो, डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास मागं फिरून जानेवारी संपताना पुन्हा जवळजवळ तिथंच मावळायला येतो. तो खाली उतरेल तसा किरण आडवा होत जातो, म्हणून उजेड पायांपासून वर चढतो. हे मी पोरांना काठी आणि कंदील घेऊन दाखवतो. दाखवून झाल्यावर मीच गर्दीत हात जोडून उभा असतो. कारण कळलं म्हणून डोळे भरून यायचे थांबत नाहीत, आणि ते थांबावेत असं मला वाटतही नाही.

त्यातही एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ढग आले, हवेत धूळ असली, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, तर किरणं गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत जाऊन लुप्त होतात. आणि कोल्हापुरात तसंच सांगितलं जातं, पेपरातही तसंच छापून येतं. भक्तांनी भरलेल्या देवळातून “आज किरणं मुखापर्यंत पोचली नाहीत” ही बातमी बाहेर येते, आणि त्यानं कुणाची श्रद्धा कमी झालेली मी पाहिली नाही.

धर्मातलं खरं मात्र मी किरणांवर तोलत नाही. त्यासाठी मला गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल आठवतं. अस्पृश्य मानलेल्या माणसानं पाण्याला हात लावला, यावरून त्यांना मार बसला होता. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. त्याचं नाव ‘सत्यसुधारक’. ज्या दुकानाची पायरी लोक चढणार नव्हते, तिथं महाराज स्वतः जाऊन गंगारामांच्या हातचा चहा प्याले आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. सर्वांच्या ठायी एकच देव आहे, हे आम्ही कीर्तनात किती पिढ्या म्हणत होतो. भर रस्त्यावर त्या कपाशी त्याची चाचणी झाली, आणि तिथं कुणाला पळवाट नव्हती.

म्हणून मला गोष्टी सांगायला बोलवायला येतात तेव्हा मानधनाचं मी विचारत नाही. देवळात सगळ्या गल्लीतली माणसं आत येऊन बसणार का, आणि नंतरचा प्रसाद एकाच पंगतीत होणार का, एवढं विचारून घेतो. काही ठिकाणची बोलावणी त्यामुळं बंद झाली. तिथं मी पुन्हा गेलो नाही.