दोन वाक्यं पुरतात का?

शाळकरी मुलांच्या एका डिबेट मॅचला मी चेअर, म्हणजे मुख्य जज होते आणि निकाल माझ्या मताच्या उलट गेला. तीन जजचं पॅनल, दोघांनी प्रपोझिशनला, म्हणजे विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या टीमला दिलं, मी ऑपोझिशनला, म्हणजे विरोधात बोलणाऱ्या टीमला. स्प्लिट निकाल होतच असतात, एरवी मी दुसऱ्या राउंडपर्यंत विसरून जाते, पण ही मॅच डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय.

वर्ल्ड स्कूल्स डिबेटिंग ही शाळकरी मुलांची जागतिक स्पर्धा, १९८८ पासून चालू आहे, भारताच्या मुलांनी २०१९ मध्ये बँकॉकला जिंकली तीच. प्रत्येक बाजूला तीन वक्ते (फर्स्ट, सेकंड, थर्ड), प्रत्येकाला आठ मिनिटं, मग दोन्हीकडून चार मिनिटांचं रिप्लाय, म्हणजे समारोपाचं भाषण. बाहेरच्यांना वाटतं आम्ही कोण छान बोललं ते बघतो. तर तसं नाही. १०० मार्कांपैकी ४० कंटेंटचे, ४० स्टाईलचे, २० स्ट्रॅटेजीचे, आणि प्रत्यक्षात मार्क ६० ते ८० मध्येच द्यायचे, म्हणजे सगळा खेळ एकेका मार्काचा. बॅलट, म्हणजे मार्कांचा आणि निकालाचा कागद, भरून होईपर्यंत जजनी एकमेकांशी एक अक्षर बोलायचं नाही.

राउंड इम्प्रॉम्प्टु होता. मोशन, म्हणजे वादाचा विषय, कळल्यावर तयारीला एक तास, खोलीत फक्त मुलं, कोच बाहेर, इंटरनेट नाही. मोशन होतं नद्यांना कायद्याने व्यक्तीचा दर्जा द्यावा की नाही. प्रपोझिशनची मुलं जन्मापासून इंग्रजीत वाढलेली, ऑपोझिशनची शाळेत इंग्रजी शिकलेली. अशा टीमसाठी स्पर्धेत वेगळं बक्षीस असतं, पण मॅचमध्ये कुठलीही सवलत नसते आणि ती मुलं मागतही नाहीत.

प्रपोझिशनने न्यूझीलंडची व्हांगानुई नदी आणली. २०१७ चा कायदा, नदी व्यक्ती, तिच्या वतीने बोलायला पालक म्हणून दोन माणसं, एक सरकारकडून आणि एक माओरी जमातींकडून. पहिलं भाषण खरंच सुंदर होतं. ऑपोझिशनने त्याच वर्षीचा उत्तराखंड हायकोर्टाचा गंगा-यमुनेचा निकाल काढला, काही महिन्यांतच सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली कारण राज्य सरकारच विचारत होतं की पुरात नुकसान झालं तर भरपाई कोणी द्यायची. तासाभरात, फोनशिवाय, सतरा वर्षांच्या पोरांना हे आठवतं याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

मग ऑपोझिशनची थर्ड उभी राहिली. शब्द शोधत, मध्ये थांबत बोलणारी मुलगी. तिने विचारलं, नदीचा पालक सरकार नेमणार आणि धरणही सरकारलाच बांधायचं, तर नदी कोर्टात जाणार कधी? न्यूझीलंडमध्ये हे चाललं कारण मागे शंभरहून जास्त वर्षं भांडलेली माणसं उभी आहेत, मग हक्क त्या माणसांना द्या ना, नदीला व्यक्ती करून जास्तीचं काय मिळालं? पूर्ण मॅचमध्ये प्रश्नाच्या मुळाला हात घालणारं हे एकच भाषण. समोरच्यांचे दोन पीओआय, म्हणजे भाषणाच्या मध्येच विचारलेले प्रश्न, घेतले, दोन्हीला सरळ उत्तर दिलं.

आता भांडण इथे आहे. ऑपोझिशनच्या थर्डने नवा मुद्दा आणायचा नाही, कारण त्यानंतर प्रपोझिशनकडे फक्त रिप्लाय उरतं आणि रिप्लायमध्येही नवीन काही चालत नाही. नियम योग्यच आहे. पॅनलमधल्या एका अनुभवी जजच्या मते तिचा मुद्दा नवा होता. मी मोठ्या आडव्या कागदावर आठ कॉलम पाडते, भाषणाला एक, आणि मुद्दा पुढे सरकला की बाण काढते. माझ्या कागदावर बाण होता. प्रपोझिशनच्या सेकंडला चौथ्या मिनिटाला पीओआय आला होता, पालक कोण नेमणार, तो म्हणाला स्वतंत्र समिती आणि पुढे निघून गेला. ऑपोझिशनच्या सेकंडने लगेच सुरुवातीलाच ते उचललं, समिती तरी नेमणार कोण, सरकारच ना. दोन वाक्यं, पण होती. थर्डने तीच वाढवली, आणि थर्डचं कामच ते आहे. उलट प्रपोझिशनच्या रिप्लायमध्ये 'कोर्ट पालकाला काढू शकतं' हे पहिल्यांदाच आलं, मी त्यावर काट मारली, बाकी दोघांनी ते उत्तर म्हणून धरलं!

त्या अनुभवी जजशी मी वाद घालू शकते, त्याच्याकडे कारण होतं. दुसऱ्याचं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. त्याने मुलीला स्टाईलला कमी दिले, ठीक, ती अडखळली. पण अस्पष्ट वाटलं म्हणून कंटेंटलाही कापले. एकाच अडखळण्याची किंमत दोनदा वसूल केली. उच्चारावर, इंग्रजीच्या सफाईवर जाऊ नका हे जजना सांगितलेलं असतं, सगळे माना डोलावतात, आणि बॅलटवर हे असं उतरतं.

चेअर अल्पमतात असली की निकाल बहुमतातला जज सांगतो, त्यामुळे मी शेजारी गप्प बसून ऐकलं. नंतर मुलं एकेका जजकडे फीडबॅकला येतात. ती थर्ड मुलगी वही घेऊनच आली आणि म्हणाली, "मॅम, हे आमच्या सेकंडने बोललं होतं ना?" मी सांगितलं, हो, माझं मत तुम्हाला होतं, आणि कागदावरचा बाण दाखवला. म्हटलं पुढच्या वेळी सेकंडला या मुद्द्यावर दीड मिनिट द्यायला लावा, त्याला नाव द्या, म्हणजे कोणी नवा म्हणूच शकणार नाही. तिने लिहून घेतलं. तिचा कोच मागे उभा होता, निकाल बदलत नाही हे त्यालाही माहीत होतं, त्याने फक्त जजच्या फीडबॅक फॉर्मबद्दल विचारलं आणि मी म्हटलं जरूर भरा.

मला खरं त्या दोघांचे कागद बघायचे होते. सेकंडची ती दोन वाक्यं त्यांच्याकडे उतरली तरी होती का? उतरून कमी वाटली असतील तर तो मतभेद आहे, पण ऐकलीच गेली नसतील तर वेगळी गोष्ट आहे, आणि तीच वाक्यं समोरच्या टीमच्या सफाईदार इंग्रजीत आली असती तर सुटली असती असं मला वाटत नाही. मुद्दा पेरला गेला म्हणायला किती लागतं हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. पुढच्या जज ब्रीफिंगला हीच मॅच देशांची नावं काढून सगळ्यांसमोर ठेवा आणि प्रत्येकाला आधी स्वतःचा कागद दाखवायला लावा, असं मी कळवलं आहे.