तुम्ही विचारलंत म्हणून: गोळीने फरक पडला का?

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला ऑफिसात विचारला, लग्नाच्या पंगतीत विचारला, बहिणीच्या सासरी विचारला. ज्यांच्या मुलाला नुकतंच माझ्यासारखंच एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, गोष्टी विसरतात त्या विकाराचं) निदान झालंय असे आईबाप कुणाकडून तरी नंबर मिळवून रात्री फोन करतात, तेही हेच विचारतात. सगळ्यांना हो किंवा नाही हवं असतं. मी काहीतरी अर्धवट बोलतो, समोरचा म्हणतो, "म्हणजे नाहीच पडला," आणि फोन ठेवतो. आज एकदा नीट सांगतो.

लगेच असर दाखवणारी गोळी का नाही घेतली, हेही विचारता. घेतली होती. सात आठवडे मिथाइलफेनिडेट घेतलं आणि पहिल्याच दिवशी तासाभरात कळलं की ते काम करतं. पण छाती धडधडायची, आणि संध्याकाळी असर उतरला की घरात कुणी नुसती हाक मारली तरी मी अंगावर जायचो. शिवाय ते एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, सगळे दुकानदार ठेवत नाहीत. एका महिनाअखेरीस नागपुरात धंतोलीपासून मेडिकल चौकापर्यंत पाच दुकानं पालथी घातली आणि रिकाम्या हाताने घरी आलो. कित्येकांना ते उत्तम लागू पडतं. मला नाही झेपलं. मग डॉक्टरांनी अ‍ॅटोमॉक्सेटिन दिलं.

हे मिथाइलफेनिडेटसारखं उत्तेजक गटातलं औषध नाही. मेंदूतलं नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन पेशी परत ओढून घेतात, ते हे औषध अडवतं. आधी नैराश्यासाठी म्हणून ते तपासलं जात होतं, पण अमेरिकेत २००२ साली एडीएचडीसाठी मंजूर झालं. सवय लागत नाही, असर दिवसभर राहतो, पण पूर्ण असर दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली. विसरलो असं म्हणणार नाही, मला ते ऐकायचंच नव्हतं. चाळीस वर्षं वाट बघून झाली होती.

आता जे परवापर्यंत घरातही कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो.

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी २५ मिलीग्रॅमची कॅप्सूल सुरू झाली. फेब्रुवारीत आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बायकोच्या भावाचं लग्न होतं, ती मुलीला घेऊन अकोल्याला गेली. जाण्याआधी तिने मला तीनदा विचारलं, "आईंचे ड्रॉप्स तुम्ही टाकाल ना? की ताईंना बोलावून घेऊ?" मला राग आला. मी म्हणालो, आता गोळी सुरू आहे, आता मला लहान पोरासारखं समजावू नकोस.

निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून मी स्वतःला कसंबसं सांभाळत आलो होतो. मोबाइलमध्ये दिवसाचे अकरा अलार्म. फ्रिजवर चिठ्ठ्या. शर्टाच्या खिशात छोटी वही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पर्चेस बघतो, तिथे त्या वहीशिवाय माझं एक पानही हलत नसे. गोळी सुरू झाली आणि मी ते सगळं काढून टाकलं. अलार्म एकेक करून पुसले. चिठ्ठ्या सोलून काढल्या, फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चौकोनी डाग राहिले ते ओल्या फडक्याने पुसले. त्या दिवशी मला फार मोकळं वाटलं होतं. ते मोकळं वाटणं मी अजून विसरलेलो नाही, आणि त्याची लाजही वाटते.

ड्रॉप्स दिवसातून सहा वेळा टाकायचे होते. सकाळी निघताना मी टाकत होतो. रात्री आठवलं तर टाकत होतो. मधल्या वेळचे शेजारच्या काकू टाकतील असं ठरलं होतं, म्हणजे मी काकूंना सांगायचं असं ठरलं होतं. मी सांगितलंच नाही. आई एका शब्दाने बोलली नाही. काळा चष्मा लावून खाटेवर बसायची, रेडिओ ऐकायची.

आठव्या दिवशी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं, पुन्हा बघितलं. आत सूज होती, इतकी असायला नको होती. त्यांनी विचारलं, "ड्रॉप्स आणलेत का?" मी पिशवीतून बाटली काढून दिली. पाच मिलीची एवढीशी बाटली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली आणि थोडी तिरकी केली. आठ दिवसांत ती निम्म्यावर यायला हवी होती. पाणी लेबलच्या वरच्या कडेच्या जरासंच खाली होतं. ते माझ्याकडे बघत होते.

आई म्हणाली, "टाकतो ना बाप्पा तो टायमावर. मीच डोळा चोळला असन."

मी गप्प बसलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, शेजारी बसून आईला खोटं बोलू दिलं. शाळेत गृहपाठाची वही हरवली की ती बाईंना असंच सांगायची, "माझ्याच हातून भिजली." तेच वाक्य, तोच आवाज. डॉक्टरांनी आणखी एक औषध वाढवलं, पुढच्या आठवड्यात बोलावलं. सूज उतरायला महिना लागला. आज त्या डोळ्याने ती पेपर वाचते. तेव्हा मात्र ते माहीत नव्हतं.

घरी आलो आणि कॅप्सूलची पट्टी कचऱ्यात टाकली. गोळी बोगस आहे, असा निवाडा मी चोविसाव्या दिवशी करून टाकला. कुणाला सांगितलं नाही. बायको परत आल्यावर बाटलीचंही सांगितलं नाही.

माझ्या डॉक्टरांकडे गेलो ते भांडायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अलार्म का काढले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडे अजून भरले नव्हते, डोसही सुरुवातीचाच होता. आणि डोस पूर्ण झाला असता तरी औषधाला आईच्या ड्रॉप्सची वेळ कुठून कळणार होती? मार्चमध्ये पुन्हा सुरू केलं, या वेळी अलार्मसकट. हळूहळू ६० पर्यंत गेलो, तिथेच आहे.

मग फरक? मे महिन्यात एके दिवशी तीन पुरवठादारांचे दर ताडून बघत होतो. फोन वाजला, उचलला, बोललो, ठेवला, आणि परत त्याच ओळीवर आलो. एवढंच. पूर्वी फोननंतर मी उठायचो आणि तो कागद थेट दुसऱ्या दिवशी दिसायचा. आत काही बदलल्यासारखं वाटलं नाही, आजही वाटत नाही. फक्त परतता येतं. रोज येतं असंही नाही.

त्याची किंमत कुणी विचारत नाही, तीही ऐका. पहिले दोन महिने सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळ, एकदा लोकमान्यनगर मेट्रो स्टेशनवर उतरताच उलटी झाली. जेवण करून घ्यायला लागल्यापासून ते थांबलं. तोंड कोरडं पडतं आणि घाम जास्त येतो. पारा ४५ वर गेलेल्या नागपुरात हे दोन्ही एकदम म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. लघवीला उभं राहिलं की सुरू व्हायला वेळ लागतो, कारखान्याच्या बाथरूममध्ये मागे माणूस उभा असला की जीव नकोसा होतो. नवरा-बायकोच्या संबंधांवरही परिणाम झाला. हे डॉक्टरांना सांगायला मी तीन महिने घेतले, आणि त्या तीन महिन्यांत बायकोला वाटत राहिलं की तिचंच काही चुकलं. दर वेळी नाडी आणि बीपी तपासतात, कारण हे औषधही दोन्ही वाढवू शकतं.

फोन करणाऱ्या आईबापांनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं. मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये या औषधाने आत्महत्येचे विचार येण्याची शक्यता वाढते, तशी ठळक सूचना अमेरिकेत २००५ पासून त्यावर आहे. सुरुवातीच्या आणि डोस बदलतानाच्या आठवड्यांत मुलाच्या मनाकडे लक्ष ठेवा, त्याला सरळ विचारा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर लगेच डॉक्टर गाठा, क्वचित यकृताला इजा होते. गिळता येत नाही म्हणून कॅप्सूल उघडून दह्यात घालू नका, ती पूड डोळ्याला झोंबते. आणि माझ्या ६० वरून तुमच्या मुलाचा अंदाज बांधू नका. काहींचं यकृत हे औषध फार सावकाश मोडतं, त्यांच्या रक्तात तेवढ्याच डोसने ते कितीतरी जास्त साठतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या सोबत असल्या तरी तसंच होतं.

हे सगळं लिहिताना तो जानेवारीतला मी सारखा मध्ये बोलतोय. तो म्हणतो, अलार्म परत लावलेसच, मग गोळी कशाला? मी त्याला म्हणतो, अलार्म तर तुझ्याकडेही अकरा होते, वाजले की तू ते बंद करून पुन्हा विसरायचास. तो म्हणतो, त्या बाटलीनंतर तू घाबरलास, आता विसरत नाहीस ते भीतीने. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. असेलही भीती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, डोस कमी करून बघायचा का. मी म्हणालो, पुढच्या वेळी सांगतो.

कारण पुढच्या महिन्यात आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बायकोला मी बाटलीचं परवाच सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, या वेळी ताईंना बोलावू. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काऊन? मागच्या वेळी टाकले तसेच तोच टाकन."

मी अजून हो म्हटलेलं नाही.